लिहिणाऱ्याची मजुरी

गेल्या महिन्यातला एक रविवार. नळाचे पाणी भरून झाले होते आणि आम्ही चहाचा कप घेऊन गॅलरीत बसलो होतो. इतक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या ताई आल्या. या ताई परळच्या एका इस्पितळात आया आहेत. रात्रपाळी करून आल्या होत्या, डोळे तांबारलेले होते. जयभीम घातला आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेले, चार माणसांत वावरणारे. आमच्या पोरीला जरा समजवा. एम.ए. झाली, चांगली बारा हजारांची नोकरी होती, ती सोडून दीड वर्ष नुसती लिहीत बसलीय. परवा तिला बघायला पाहुणे आले. मुलगी काय करते, म्हणाले. मी म्हटलं, लिहिते. तर म्हणाले, ते ठीक आहे हो, पण करते काय?"

आम्हांला हसू आले, पण ताईंच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही ते गिळले. ताईंचे सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. सासरे त्यांतलेच. ज्या घराने कायम नोकरी डोळ्यांदेखत जाताना पाहिली, त्या घरात कुणी आपल्या हाताने नोकरी सोडली की काळजाचा ठोका चुकणारच. ताईंचे काही चुकत नव्हते.

आम्ही म्हणालो, "ताई, संध्याकाळी तिला वही घेऊन पाठवा."

"कसली वही?"

"हिशेबाची. उपदेश नंतर करू. आधी हिशेब पाहू."

बी.कॉम. झालेल्या माणसाची ही खोडच आहे, वाचकहो. लोक दुःख सांगतात आणि आम्ही जमाखर्च विचारतो.

संध्याकाळी मुलगी आली. वही नव्हतीच. एका पिशवीत चिठ्ठ्या, बँकेचे पासबुक, कात्रणांची फाईल आणि हातात मोबाईल. आम्ही कचेरीतली जुनी खतावणी काढली आणि दोघे बसलो. आमच्या सौ.ने दोनदा चहा केला. रात्रीचे साडेदहा वाजले तेव्हा कुठे वर्षाचे चित्र कागदावर उतरले. तिच्या परवानगीने ते येथे देत आहोत, कारण आपल्या घराघरांत आता अशी लिहिणारी मुले-मुली निघू लागली आहेत आणि त्यांच्या आयांना हे कळायला हवे.

वर्षभरात तिने ७४ कामे केली. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतले लेख, दिवाळी अंकांतल्या दोन कथा, इंग्रजीतून भाषांतरे, मालिकांच्या मराठी रूपांतराचे संवाद, कादंबऱ्यांचे मुद्रितशोधन, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका उमेदवाराचे पत्रक, एका व्यापाऱ्याच्या आईचे चरित्र. त्यांपैकी ५५ कामांची बिले झाली, ती १ लाख ८६ हजार ४०० रुपयांची. हातात आले १ लाख २९ हजार १५० रुपये. येणे राहिले ५७ हजार २५०. जाण्यायेण्याचा, मोबाईलचा, छपाईचा आणि पुस्तकांचा खर्च झाला ३१ हजार. म्हणजे निव्वळ कमाई ९८ हजार १५०. बाराने भागा. महिन्याला आठ हजार एकशे ऐंशीसुद्धा पुरते पडत नाहीत.

आणि उरलेली १९ कामे? ती फुकट. त्या एकोणीस कामांकडे आम्ही नंतर येऊ, कारण तिथेच आमची मान खाली गेली.

'मुक्त लेखक' हा शब्द मोठा छान आहे. मुक्त कशापासून? साहेबापासून मुक्त, हजेरीच्या वहीपासून मुक्त, हे खरे. पण भविष्यनिर्वाह निधीपासूनही मुक्त, आजारपणाच्या रजेपासून मुक्त, बोनसपासून मुक्त. पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला, त्यात कामाचे तास आले, उपदान आले, वेतनमंडळ आले. पण तो पगारावर असलेल्या पत्रकारांसाठी. बाहेरून लेख धाडणारा त्यात बसला नाही.

आपल्या लोकांना हे नाक्यावरच्या बिगाऱ्याच्या उदाहरणाने लगेच कळेल. बिगारी सकाळी नाक्यावर उभा राहतो, काम मिळाले तर जातो, नाही तर घरी परततो. या मुलीचेही तसेच. फरक एवढाच की बिगाऱ्याला संध्याकाळी मजुरी मिळते. हिला लेख छापून आल्यावर दोन-तीन महिन्यांनी मिळते, आणि तो कधी छापला जाईल ते संपादकाच्या हातात. दिवाळी अंकाची कथा पावसाळ्यात लिहायची, अंक दिवाळीत निघणार, मानधन पुढच्या वर्षी. तेही जाहिरातवाल्यांनी अंकवाल्याचे पैसे चुकते केले तर. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मुंबईत 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असावाच. पण त्या अभिमानाच्या पोटी किती जणांची बिले पडून राहतात, हे फराळाच्या ताटाशी अंक वाचणाऱ्याला दिसत नाही.

एका ठिकाणी तिचे चौदा हजार अडकले आहेत. नाव घेत नाही. ती तिथे तीनदा गेली. पहिल्यांदा सांगितले, बिलावर पॅन क्रमांक नाही. दुसऱ्यांदा सांगितले, बिल पाहणाऱ्या बाई रजेवर आहेत. तिसऱ्यांदा पहारेकऱ्याने वरच सोडले नाही. "काका, मागायला गेलं की असं वाटतं, जसं काही मी उसने मागतेय," असे ती म्हणाली. आम्ही कारकून माणूस. टेबलाच्या पलीकडे बसून लोकांना 'उद्या या' म्हणायचे पाप आमच्याही हातून घडले आहे. त्या दिवशी टेबलाची अलीकडची बाजू आम्ही पाहिली.

आता तिचा दिवस पाहा. आई रात्रपाळी करून सकाळी येते आणि झोपते. खोली दहा बाय बाराची. आईला झोप हवी म्हणून दिवा लावायचा नाही, फोनवर बोलायचे नाही. मग ही स्वयंपाक उरकून नायगाव-दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसते. १८९८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने आमच्यासारख्या चाळीतल्या किती विद्यार्थ्यांना बसायला जागा दिली असेल! संध्याकाळी आई कामावर निघाली की मग घर हिचे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिहिते. शेजारी म्हणतात, पोरगी दुपारी भटकते आणि रात्री दिवा जाळते.

त्यात आता नवे संकट आले आहे. पूर्वी भाषांतराचे काम शब्दांवर मोजून मिळायचे. आता भाषांतर यंत्र करते आणि हिला सांगतात, तुम्ही फक्त तपासून द्या, दर निम्म्याहून कमी. यंत्राचे मराठी असे की तपासण्यापेक्षा नव्याने लिहिणे सोपे. म्हणजे मेहनत तेवढीच, मजुरी अर्धी. आमच्या वडिलांच्या पिढीने गिरणीत हेच पाहिले. एक माग चालवणाऱ्याला दोन दिले, दोनवाल्याला चार दिले, आणि म्हणाले, काम सोपे झाले.

हे सगळे ऐकल्यावर आम्ही तिला 'नोकरी धर' असे सांगून मोकळे व्हायला हवे होते. पण जीभ रेटेना. कारण आपल्या समाजाचा इतिहासच लेखणीवर उभा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला तो याच परळमधून. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली तेव्हा ते पत्र उभे राहिले. 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले, तेव्हा अंकाचे चोवीसच्या चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत, आणि पदरात मोबदला शून्य. राहायला परळची बी.आय.टी. चाळ. तरी वर्गणीदार पुरेसे झाले नाहीत आणि १९२९ साली ते पत्र बंद पडले. ज्ञान कमी होते म्हणून नव्हे, पैसे कमी होते म्हणून. हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो, पण त्यातला धडा घेत नाही.

बाबासाहेबांनंतर लिहिणाऱ्यांचे दोन मार्ग दिसतात. एक मार्ग नोकरी सांभाळून लिहिण्याचा. नारायण सुर्वे परळच्या चाळीत वाढले, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले, आणि १९६२ साली त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला. दया पवार रेल्वेत नोकरीला होते, १९७८ साली त्यांचे 'बलुतं' आले. ऊर्मिला पवार सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत लिहीत राहिल्या, त्यांचे 'आयदान' २००३ चे. फलटणच्या बेबीताई कांबळे तर आपल्या किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहायच्या आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षे लपवले. त्यातून 'जिणं आमुचं' झाले.

दुसरा मार्ग लेखणीवरच जगण्याचा. मिळेल ते मजुरीचे काम करीत लिहिणारे बाबुराव बागूल पुढे पूर्ण वेळ लेखनाकडे वळले. १९६३ साली आलेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या त्यांच्या संग्रहाने मराठी कथेचा चेहरा बदलला, पण आयुष्य ओढगस्तीतच गेले. आणि अण्णाभाऊ साठे! गिरणीत राबलेला, शाळेची पायरी जेमतेम चढलेला हा माणूस. 'फकिरा' १९५९ साली आली, त्यांनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. आणि राहणे मात्र घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत. १८ जुलै १९६९ रोजी गेले तेव्हा वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती. २००२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. पुतळा बसला याचा आम्हांला आनंदच आहे. पण जिवंतपणी पुस्तकाचा चोख हिशेब मिळाला असता, तर तो माणूस आणखी दहा वर्षे लिहिता ना?

आता त्या १९ फुकट कामांकडे येऊ. मुलीने यादी वाचायला सुरुवात केली. एका मंडळाची स्मरणिका. एका महिला मेळाव्याचे अध्यक्षीय भाषण, जे दुसऱ्याच बाईंनी वाचले. दोघा-तिघांची लग्नपत्रिका, एकाच्या वडिलांचे पुण्यानुमोदनाचे पत्रक, एकाचा पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज. तिची बोटे अकराव्या कामावर थांबली. "काका, ही अकरा आपल्याच लोकांची. आणि यातली तीन तुमची."

आमची! आम्ही चाळीच्या जयंती समितीचे खजिनदार आहोत. गेल्या वर्षीची स्मरणिका तिनेच केली होती. चाळीस पाने. जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या, लेख सुधारले, मुद्रिते तपासली. त्या सव्वा महिन्यात तिने दुसरे काम घेतले नव्हते. आम्ही उठून समितीची वही आणली. अक्षर आमचेच. मंडपवाल्याला दिले, पावती आहे. ध्वनिक्षेपकवाल्याला दिले, पावती आहे. फलक रंगवणाऱ्याला, छापखान्याला, चहावाल्याला, टेम्पोवाल्याला, सगळ्यांना दिले. स्मरणिका जिने लिहिली तिच्या नावापुढे काय? 'एक शाल, एक पुस्तक.' ते पुस्तकही समितीला कुणीतरी भेट दिलेले!

वाचकहो, आम्ही खजिनदार म्हणून एका पैशाचा घोळ कधी होऊ दिला नाही, असा आमचा अभिमान होता. वही चोख होती. पण त्या चोख वहीत एका माणसाची सव्वा महिन्याची मजुरी कुठेच नव्हती, आणि तसे काही राहिले आहे हे वर्षभर आमच्या लक्षातही आले नव्हते. फुकट राबवून घेणे म्हणजे वेठबिगार, हे आपण दुसऱ्यांना शिकवतो. आपल्या घरातली वेठ आपल्याला 'चळवळीची सेवा' दिसते.

मग आठवण झाली ६ डिसेंबरची. दादरला शिवाजी पार्कच्या परिसरात पुस्तकांची दुकाने लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून भाकरी बांधून आलेली माणसे, रात्र उघड्यावर काढलेली, तिथे उभी राहून पुस्तक चाळतात, कनवटीचे पैसे सोडतात आणि पुस्तक घेतात. ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे तो वाचक लेखणीची किंमत मोजतो. आणि आम्ही समितीवाले, पावतीपुस्तक हातात असलेले, ती बुडवतो.

असो. हिशेबाच्या माणसाने हळहळून थांबू नये. आम्ही तिला काही गोष्टी सांगितल्या, त्या इतर लिहिणाऱ्यांच्याही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, काम घेण्यापूर्वी दर आणि पैसे देण्याची तारीख लिहून घ्यावी. मोबाईलवरचा निरोप असला तरी तो जपावा. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो. प्रत्येक कामाचे बिल करावे, त्यावर क्रमांक, तारीख आणि पॅन घालावा, म्हणजे पहिली सबब संपली. येणे वसूल करण्यासाठी दावा करायचा तर मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, तेव्हा 'राहू दे, नंतर बघू' म्हणत बसू नये. काही ठिकाणी मानधनातून दहा टक्के कर आधीच कापतात. वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. या मुलीचे असे काही हजार रुपये सरकारजमा पडून होते आणि तिला पत्ताच नव्हता.

दुसरी गोष्ट हक्काची. १९५७ च्या कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या लेखनाचा पहिला मालक तो स्वतःच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतो. अण्णाभाऊंच्या लेखनाचा हक्क या हिशेबाने २०२९ अखेरपर्यंत आहे. तेव्हा 'सर्व हक्क कायमचे दिले' अशा कागदावर घाईत सही करू नये. आपल्या आजोबांनी अंगठे उठवून जमिनी घालवल्या. नातवंडांनी सह्या करून पुस्तके घालवू नयेत.

तिसरी गोष्ट, कात्रणे जपावीत. वृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, २०२४ पासून तिची रक्कम महिना पाच हजार आहे. आपले कितीतरी शाहीर आणि कवी तिला मुकतात, कारण इतकी वर्षे लिहिले-गायले याचा कागद जवळ नसतो.

आणि चौथी गोष्ट घरची. महिन्याचा किराणा, वीजबिल आणि भाडे भागेल एवढी ठरलेली आवक कुठून तरी हवी. ती असली की वाईट दराच्या कामाला 'नाही' म्हणता येते. भुकेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही. हे ऐकून मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, एका छापखान्यात आठवड्याचे तीन दिवस मुद्रितशोधनाला बोलावतात. मला वाटायचं, ते धरलं तर मी हरले." आम्ही म्हणालो, "सुर्वे मास्तर शाळेत जात होते तेव्हा हरले होते काय?"

पुढच्या शनिवारी समितीची बैठक होती. आम्ही विषय मांडला, गेल्या वर्षीच्या स्मरणिकेचे लेखन-मानधन, पाच हजार. एक जुने कार्यकर्ते चिडले. म्हणाले, "भाऊ, चळवळीत पैसे मागायचे? आम्ही आयुष्यभर पदरमोड केली." त्यांनी ती खरोखरच केली आहे, म्हणून आम्ही आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "मंडपवाला पण आपलाच आहे, दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो. त्याचे पैसे आपण कधी ठेवले का? आणि दादा, तुमची पदरमोड पगारातून होती. हिला पगार कुठे आहे?" बैठक दोन तास चालली. पाचाचे तीन हजार झाले. काहींना तेही पटले नाही. पण यापुढे जयंतीच्या अंदाजपत्रकात 'लेखन' अशी वेगळी ओळ राहील, असा ठराव झाला.

पैसे द्यायला आम्ही स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेलो. मुलीने ते मोजले, आत गेली आणि बाहेर येऊन आमच्या हातात एक कागद ठेवला. पावती. वर लिहिले होते, क्रमांक ७५. ताई कामावर निघण्याच्या गडबडीत होत्या. चप्पल घालता घालता म्हणाल्या, "तीन दिवस जाते म्हणाली छापखान्यात. पण भाऊ, पाहुण्यांना काय सांगू?"

आम्ही म्हणालो, "सांगा, लिहिते. आणि बिल देते."

ताई हसल्या नाहीत. मान हलवून जिना उतरल्या. त्यांची काळजी एका पावतीने मिटण्यासारखी नाही, हे आम्हांलाही कळते. ते चौदा हजार अजून यायचेच आहेत. पण तुमच्या वस्तीत, तुमच्या मंडळात, तुमच्या घरच्या लग्नपत्रिकेपासून जयंतीच्या स्मरणिकेपर्यंत कुणीतरी रात्री दोन वाजेपर्यंत बसून लिहून देते. या वर्षीचे अंदाजपत्रक करताना मंडप आणि ध्वनिक्षेपकाच्या ओळीखाली त्याचीही एक ओळ घाला. रक्कम लहान असली तरी चालेल. ओळ असू द्या.

सप्रेम जयभीम.